फुटरेस्ट रुंद घेऊ का खाली घेऊ? रोज सातारा-कराड, तळवा आणि गुडघा दोन्ही दुखतंय

अजिंक्यतारा_रायडर (सातारा)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा स्वतःचा प्रश्न टाकतोय. मी रोज सातारा ते कराड जाऊन येऊन करतो म्हणजे दिवसाला शंभरच्या आसपास किलोमीटर होतात, आठवड्यातले सहा दिवस. गाडी १५० सीसीची, सात वर्षं झाली घेऊन. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा कुठली कंपनी चांगली यावर जाते आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. माझी उंची पाच फूट अकरा.

त्रास दोन आहेत. एक म्हणजे उंब्रज येईस्तोवर डावा तळवा जळजळायला लागतो, बरोबर मधोमध, फुटरेस्ट जिथं टेकतो तिथं, आणि पुढं कराडपर्यंत मुंग्या. ऑफिसात बूट काढला की मोज्याच्या आतून आडवा वळ दिसतो, बोटाएवढा जाड. उजव्या पायाला एवढं होत नाही. दुसरा त्रास गुडघ्यांचा, तो दोन्हीकडं आहे, वाटीच्या मागं दुखतं आणि परत येताना जास्त. गाडीवरून उतरलो की पहिली दहा पावलं नीट टाकता येत नाहीत. वय ३४ आहे फक्त.

रविवारी यवतेश्वर चढून कासला, कधी पुढं बामणोलीपर्यंत जायचो ते चार महिन्यांपासून बंदच आहे. त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण आठवडाभर हायवे मारायचा तो त्या एका सकाळीसाठी.

आत्ताचे फुटरेस्ट मोजले तर ३५ मिमी रुंद आहेत, वरचं रबर गुळगुळीत झालंय. ऑनलाइन ५० ते ५५ मिमीचे रुंद लोखंडी मिळतायत. एक मित्र म्हणतो रुंदीनं काही होत नाही, फुटरेस्ट खाली घे. इथला एक वेल्डिंगवाला म्हणाला ब्रॅकेट कापून दोन इंच खाली जोडून देतो, तासाभराचं काम आहे. आता रुंद घेऊ, खाली घेऊ का दोन्ही करू? पैसे एकदाच घालवायचेत.

कृष्णाकाठ (सांगली)

भावा मी दोन वर्षांपूर्वी रुंदवाले बसवले, ५२ मिमीचे. तळव्याचा त्रास आठवड्यात गेला. गुडघ्याचा एक टक्कासुद्धा गेला नाही. एवढंच माझ्याकडून, बाकी जाणकार सांगतील.

मिरजेचा_फिटर (मिरज)

दादा, पहिली गोष्ट, त्या वेल्डिंगवाल्याकडं गाडी न्यायची न्हाई. का ते खाली सांगतो, आधी तुमच्या तळव्याचं बघू.

मी २२ वर्षं गाड्या करतोय आणि पाय दुखतोय म्हणून येणाऱ्या गाडीचं मी पहिल्यांदा काय बघतो तर फुटरेस्ट पडलाय का. पडलाय म्हणजे वाकलाय असं न्हाई, त्याचं बाहेरचं टोक खाली लोंबायला लागतं. तुमच्या गाडीचा फुटरेस्ट वर दुमडणारा असणार, ब्रॅकेटमध्ये एका पिनवर बसवलेला. तुम्ही पाय ठेवला की फुटरेस्टची मागची बाजू ब्रॅकेटवर टेकते आणि तिथं तो अडतो. ती टेकायची जागा पिनपासून जवळ असते, धरा दीड सेंटिमीटर, आणि टोक धरा नऊ सेंटिमीटर लांब. आता सात वर्षात टेकायच्या जागी नुसता एक मिमी झिजला तर टोकाला सहा मिमी उतार येतो, सरळ हिशोब आहे. वरनं पिनचं भोक अंडाकृती झालं की आणखी. मग पाय बाहेरच्या बाजूला घसरत राहतो, तुम्ही नकळत घोट्यानं त्याला आत दाबून धरता, आणि तळव्याचं सगळं वजन फुटरेस्टच्या आतल्या कडेवर येतं. तुम्ही लिहिलंय फक्त डावा पाय. डावाच का, तर बरेच लोक गाडी साईड स्टँडवर असताना डाव्या फुटरेस्टवर उभं राहून टांग टाकतात, आख्खं वजन एका पिनवर. तुम्ही तसं करता का सांगा.

कसं तपासायचं: गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावा, दोन्ही फुटरेस्टच्या टोकांची जमिनीपासून उंची टेपनं मोजा. मग टोक हातात धरून वर-खाली, पुढं-मागं हलवून बघा. खटखट वाजलं म्हणजे पिन गेली. डावं-उजवं यात चार-पाच मिमीच्या वर फरक असला तर नवीन रुंद फुटरेस्ट घेऊनबी उपयोग न्हाई, कारण ब्रॅकेटचं भोक तेच राहणार.

ज्यांच्या जुन्या कम्युटर गाड्यांना इंजिनखालनं आडवा एकच रॉड जातो आणि दोन्ही टोकाला रबरं असतात त्यांचं वेगळं असतं. गाडी एकदा पडली की तो रॉड मागं वाकतो, एक पाय पुढं आन् एक मागं. तो तापवून सरळ करत बसू नका, नवीन टाका.

आता खाली घ्यायचं. फुटरेस्ट दुमडतो तो काय शोभेला न्हाई. वळणात गाडी कलली आणि फुटरेस्ट रस्त्याला लागला तर त्यानं वर उचललं गेलं पाहिजे. कापून जोडताना हे लोक काय करतात तर दुमडायचं बंद करून टाकतात, पक्कं वेल्ड मारतात. असला फुटरेस्ट वळणात टेकला की तोच टेकू होतो आणि मागचं चाक रस्त्यावरनं सुटतं. दोन इंच खाली म्हणजे तर टेकणारच, यवतेश्वरच्या वळणांना नक्की टेकणार. शिवाय ब्रॅकेटचं वेल्ड तुटलं तर ते तुम्ही सगळा भार टाकलेला असतानाच तुटणार. खाली घ्यायचा तर बोल्टनं बसणारी, तुमच्याच गाडीच्या मापाची प्लेट घ्या, २० ते २५ मिमीच्या वर जाऊ नका, आन् दुमडणं आणि स्प्रिंगनं परत खाली येणं दोन्ही शाबूत पाहिजे.

अजिंक्यतारा_रायडर

काका, डाव्या फुटरेस्टवर उभं राहूनच बसतो मी, कॉलेजपासून सवय आहे, मागं डबा आणि बॅग बांधलेली असते म्हणून टांग मागून जात नाही. संध्याकाळी मोजून सांगतो.

फिजिओ_विश्रामबाग (सांगली)

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः रोज गाडी चालवते, म्हणून गुडघ्याबद्दल लिहिते. तळवा आणि गुडघा ही दोन वेगळी दुखणी आहेत हे आधी मनात पक्कं करा. तळव्याला त्रास होतो तो दाब थोड्या जागेवर आल्यामुळं आणि कंपनामुळं. गुडघ्याला होतो तो तासनतास दुमडून एकाच कोनात ठेवल्यामुळं. गुडघा जितका जास्त दुमडलेला तितकी वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते, आणि चालताना जशी हालचाल होत राहते तशी गाडीवर होत नाही. बराच वेळ मांडी घालून बसून उठल्यावर जे होतं तेच हे. म्हणून कृष्णाकाठ यांचा तळवा बरा झाला आणि गुडघा नाही, यात नवल काहीच नाही.

पाच फूट अकरा उंचीच्या माणसाला बहुतेक १५० सीसीच्या गाडीवर गुडघा काटकोनापेक्षा जास्त दुमडावा लागतो. घरच्या कुणाला तरी तुमचा बाजूनं फोटो काढायला सांगा, गाडीवर नेहमीसारखे बसलेले असताना. कंबर, गुडघा, घोटा अशा दोन रेघा मारा, कोन दिसेल. फुटरेस्ट २५ मिमी खाली घेतला तर तुमच्या उंचीला हा कोन साधारण चार-पाच अंशांनी उघडतो. ऐकायला कमी वाटतं, पण दीड तासाच्या प्रवासात जाणवतं.

पण खर्च करण्याआधी एक करून बघा. सीट वर घेतली काय आणि फुटरेस्ट खाली घेतला काय, गुडघ्याला जवळपास एकच. आणि सात वर्षांत सीटचा फोमसुद्धा बसलेला असतो, म्हणजे तुमची कंबर आधीच दीड-दोन सेंटिमीटर खाली गेलेली असू शकते आणि ते हळूहळू झाल्यामुळं कळलेलं नसतं. एक जुनी सतरंजी किंवा जाड टॉवेल घडी करून बरोबर एक इंच जाडी करा, सीटवर पट्ट्यानं घट्ट बांधा, सरकायला नको. तीन दिवस तसं कराडला जा. गुडघ्याला फरक पडला तर कोनाचाच दोष आहे हे पक्कं समजा, मग सीटवाल्याकडं जाऊन फोम भरून घेणं हे फुटरेस्ट हलवण्यापेक्षा सोपं. तुम्ही उंच आहात त्यामुळं पाय जमिनीला टेकायची अडचण येणार नाही.

मधे उंब्रजला पाच मिनिटं थांबा, घोटे वर-खाली वीस वेळा करा, थोडं चाला. बुटाची लेस फार घट्ट बांधू नका. आणि मुंग्या गाडीवरून उतरल्यावर तासाभरात गेल्या नाहीत, किंवा रात्री झोपेत यायला लागल्या, तर ते प्रकरण फुटरेस्टचं नाही, डॉक्टरांना दाखवा आणि शुगर तपासून घ्या.

घाटमाथ्यावरचा (पाटण)

ताईंनी सीटचं बरोबर सांगितलं. फक्त सीटची उंची किती मिमी लिहिलीय ते वाचून गुडघ्याचा अंदाज बांधू नये, लोकं नवीन गाडी घेताना हीच चूक करतात. मिटिओर ३५० ची सीट ७६५ मिमी म्हणजे बुटकी, तरी गुडघा मोकळा, कारण फुटरेस्ट पुढं आहेत. आर१५ ची सीट ८१५ मिमी उंच तरी गुडघा दुमडलेला, कारण फुटरेस्ट मागं आणि वर, वळणात जास्त कलता यावं म्हणून. माझी हिमालयन ४११, सीट ८०० मिमी, फुटरेस्ट जवळजवळ बुडाखाली. तिन्हीत सीट आणि फुटरेस्टमधलं अंतर आणि दिशा बघायची असते, हॅण्डल धरून त्रिकोण तयार होतो तो.

पुढं फुटरेस्ट असलेल्या गाडीवर गुडघ्याला आराम, पण खड्डा आला की पायावर उठता येत नाही, सगळा दणका माकडहाडाला. आपल्या इकडं सहापदरीच्या कामामुळं जागोजागी सर्व्हिस रोडला वळवलेलं असतं, तिथं पायावर उठायला येणं फार मोलाचं आहे. मी तर मुद्दाम दर दहा-पंधरा किलोमीटरला दोन मिनिटं उभा राहून चालवतो, हायवेवर नाही हां, सर्व्हिस रोडला कमी स्पीडला. गुडघा सरळ होतो, रक्त फिरतं.

आणि उभं राहायचं असेल तर रुंद फुटरेस्टच पाहिजे. ३५ मिमीवर उभं राहणं म्हणजे शिडीच्या पायरीवर उभं राहणं. ५२ मिमीवर बुटाला दीडपट जागा मिळते. लोखंडी दातेवाले चिखलात घसरत नाहीत पण इंजिनाचं कंपन सरळ पायात येतं, आपल्याकडच्या सगळ्या छोट्या गाड्या एका सिलेंडरच्या आहेत. रोज शंभर किलोमीटर हायवे असेल तर वर काढता-घालता येणारं रबर असलेलेच घ्या. पावसाळ्यात काढा, उन्हाळ्यात घाला. बारक्या चपला-सँडल घालून कितीही रुंद फुटरेस्ट घेतला तरी उपयोग नाही, कडक तळव्याचा बूटच दाब पसरवतो.

एक सवयसुद्धा बघा. आपण सगळे तळव्याच्या मधल्या खळग्यावर फुटरेस्ट ठेवतो कारण ब्रेक आणि गियर लगेच सापडतात. गर्दीत ते ठीक. मोकळ्या रस्त्यावर पाय जरा मागं घेऊन चवड्यावर ठेवायचा, मग परत खळग्यावर, असं बदलत राहायचं. एकाच जागी दीड तास दाब राहिला तर वळ उठणारच.

तासगावची_स्वारी (तासगाव)

माझा मुद्दा मागच्या सीटवाल्यांचा, त्यांचं कुणी बोलतच नाही. माझी आई साडी नेसते, एका बाजूला बसते. आमच्या गल्लीतल्या एकानं गाडी मॉडिफाय करताना सारीगार्ड आणि त्याच्याखालची पायरी काढून टाकली, दिसायला चांगली दिसते म्हणून. त्याची आई आता पाय लोंबकळत ठेवून बसते, मला बघवत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमातला १२३ नंबरचा नियम हेच सांगतो की मागं बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागचं चाक निम्म्यापेक्षा कमी नाही इतकं झाकणारं गार्ड पाहिजे. हे नटवायचं सामान नाही, पदर चाकात जाऊ नये म्हणून आहे.

दादा तुम्ही पुढचे फुटरेस्ट मागं सरकवायचा विचार केलात तर मागच्याचे पाय आणि तुमची टाच एकमेकाला लागते हे लक्षात ठेवा. घरचं माणूस मागं बसवून उभ्या गाडीवरच बघा आधी. रुंद फुटरेस्टचंसुद्धा तेच, माझ्या भावाच्या गाडीला किक आहे आणि रुंद फुटरेस्ट किकच्या आड यायला लागला, दर वेळी तो दुमडून किक मारावी लागते.

अजिंक्यतारा_रायडर

मोजलं. उजव्या टोकाची उंची २९८ मिमी, डाव्याची २८३. पंधरा मिमीचा फरक! आणि डावा हलवला की खटखट वाजतोय. सात वर्षं ह्याच्यावर पाय ठेवतोय आणि मला कळलं नाही. टॉर्च लावून बघितलं तर पिनच्या एका अंगाला चकचकीत खाच पडलीय, नखानं लागते, आणि वॉशर एवढा झिजलाय की कडेला सुरीसारखी धार आलीय.

ताई, सतरंजीसुद्धा बांधली आज. तीन दिवसांनी सांगतो.

मिरजेचा_फिटर

पंधरा म्हणजे लयच झालं. आता असं करा. पिन, वॉशर, स्प्रिंग नवीन, तुमच्याच गाडीची ओरिजिनल. ब्रॅकेटचं भोक अंडाकृती झालं असलं तर लेथवाल्याकडनं ते गोल मोठं करून आत बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, ठोकून घ्या, नुसती जाडी पिन घालू नका, ती वाकडीच बसती. फुटरेस्ट नवीन घेणारच असाल तर टेकायची जागा नवीच मिळेल. रुंदवाला घेताना पिनच्या कानांचं माप आणि जाडी जुन्याशी जुळवून घ्या. बसत न्हाई म्हणून कानस मारून बसवलेले मी लय बघितलेत, वर्षात परत लोंबतात. स्वस्तातले ओतीव ॲल्युमिनियमचे मुळाशी तुटतात, लोखंडी घ्या. बसवल्यावर साईड स्टँड पूर्ण वर-खाली होतो का बघा, रुंद कड आड येती कधी कधी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. फुटरेस्ट बदलला की गियर आणि ब्रेक परत लावायचे, ह्यात लोक आळस करतात. गियर लिव्हर काढताना बोल्ट नुसता ढिला करून उपयोग न्हाई, बऱ्याच गाड्यांत तो शाफ्टच्या खाचेतनं जातो, पूर्ण काढायचा, मग लिव्हर शाफ्टच्या दात्यांवर एक दात फिरवून बसवायचा. रॉडवाला लिव्हर असला तर दोन्ही लॉकनट ढिले करून रॉड फिरवा, एका टोकाला उलटे आटे असतात, ताकद लावू नका. बुटाचं टोक लिव्हरखाली सहज गेलं पाहिजे.

ब्रेक पॅडल उंच राहिला तर पाय त्याच्यावर विसावतो, तुम्हाला कळतबी न्हाई. मागला ड्रम घासत राहतो, तापतो, आन् उतारावर पाहिजे तेव्हा ब्रेक लागत न्हाई. कासहून उतरताना हे नको. ड्रमवाल्या गाडीला पॅडलचा मोकळा खेळ, म्हणजे ब्रेक धरायच्या आधी पॅडल जेवढा दबतो तेवढं अंतर, साधारण २० ते ३० मिमी ठेवतात, तुमच्या गाडीच्या पुस्तकात आकडा असतोय तो बघा. शेवटी ब्रेक लाईटचा स्विच जुळवा, नाहीतर लाईट कायम पेटलेली नाहीतर पेटतच न्हाई, मागचा माणूस येऊन धडकतो.

अजिंक्यतारा_रायडर

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला त्याबद्दल सॉरी.

सतरंजीच्या दुसऱ्याच दिवशी गुडघ्याला फरक होता. तिसऱ्या दिवशी परत येताना नागठाण्याला न थांबता थेट घरी आलो आणि जिना चढलो सरळ. मग सीटवाल्याकडं गेलो, त्यानं कव्हर उघडून दाखवलं, बसायच्या जागी फोमचा खळगा झालेला. जुना फोम कापून नवीन भरला, आता आधीपेक्षा सीट साधारण २५ मिमी उंच आहे. फुटरेस्ट खाली घेतलाच नाही, त्यामुळं ब्रॅकेट कापायचा विषयच संपला.

डाव्या ब्रॅकेटचं भोक लेथवर गोल करून बुश घातला, दोन्हीकडं नवीन पिना टाकल्या आणि ५२ मिमीचे लोखंडी, रबरवाले फुटरेस्ट बसवले. गियरचा रॉड फिरवून लिव्हर एका बोटाएवढा वर घेतला. ब्रेकचा खेळ पुस्तकात बघून लावला. आता दोन्ही टोकांची उंची मोजली तर फरक दोन मिमी. वळ उठत नाही. मुंग्या अजून कधीतरी येतात, पण कराडच्या अलीकडं, उंब्रजला नाही, आणि थांबून चाललो की जातात. टांग टाकायची सवय मोडायला जड जातंय, बॅग आता मागं न बांधता टाकीवर बांधतो म्हणजे पाय मागून जातो.

काल रविवार होता. पहाटे साडेपाचला निघालो, यवतेश्वर, कास, बामणोली करून परत आलो. तलावाजवळ धुकं एवढं होतं की पाच मिनिटं गाडी बंद करून नुसता उभा राहिलो. काका, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार.

मिरजेचा_फिटर

लय बरं वाटलं वाचून. पिनेच्या टोकाला स्प्लिट पिन घातलीय ना, तिची दोन्ही टोकं वाकवलीत का बघा. नुसती घालून सोडली तर कंपनानं गळून पडती.

अजिंक्यतारा_रायडर

आत्ता खाली जाऊन बघितलं. डावीकडं वाकवलीय, उजवीकडं एकच टोक वाकवलेलं. पक्कड आणून दुसरंपण वाकवलं.